लो-कार्ब चालू, वजनं उचलणं पण चालू: मंग भाकर किती अन् कधी?

हे त्या लोकांसाठी आहे ज्यांनी वर्ष-दोन वर्षांपासून भाकर, भात, साखर जवळपास सोडली, पोट उतरलं, अन् आता व्यायामशाळेत जाऊन राहिले, स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच सगळं करून राहिले, पण बारवरचं वजन एका जागी अडकलं. पहिला सेट (न थांबता केलेली एक फेरी) मस्त जाते, तिसऱ्या सेटला पाय कापसासारखे होतात. मंग जो तो सल्ला देते, एक म्हणते तूप अजून वाढव, दुसरा म्हणते रविवारी दाबून खा, घरी आई म्हणते काऊन रे भाकरीशी वैर धरलं. रस्ते चारच आहेत: आहे तसंच कडक चालवणं, व्यायामाच्या आधी थोडे कार्ब (धान्य, साखर यांतली कर्बोदकं) घेणं, आठवड्यातून एक दिवस भरपूर घेणं, नाही तं रोजचाच आकडा वाढवून मोकळं होणं. कोणता घ्यायचा हे तुम्ही कसा व्यायाम करता अन् दिवसभर काय काम करता यावर आहे.

आधी एक गोष्ट. तुम्ही शुगरची औषधं घेत असाल तं यातलं काहीही स्वतःच्या मनानं करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना कार्ब खालीवर केले की डोस पण बदलावा लागते, नाही तं शुगर एकदम पडू शकते, अन् व्यायामानंतर तं जास्तच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या असतील तं कडक लो-कार्बचाच धोका आहे, शुगर फार वाढलेली दिसत नाही पण रक्तात आम्ल वाढत जाते, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं की सरळ दवाखाना. किडनीचा त्रास असेल तं प्रोटीन किती हे पण डॉक्टरलाच विचारा.

आता सध्या तुम्ही नेमके किती कार्ब खाता हे पाहा, कारण बहुतेक लोकांचा अंदाज इथंच चुकते. ज्वारीची मध्यम भाकर, म्हणजे 50 ग्रॅम पिठाची, तिच्यात साधारण 35 ग्रॅम कार्ब. शिजलेला भात 100 ग्रॅम घेतला तं 28 च्या आसपास, उकडलेलं रताळं तेवढंच घेतलं तं 18-20, एक केळ 22 ते 27. दोन अंड्यांत एक ग्रॅमच. वांग्याचं भरीत, अंबाडी, मेथी, काटवल यांची फारशी चिंता नाही. पण झुणका! भाकर सोडली म्हणून लोक ताटभर झुणका खातात अन् बेसन तं हरभऱ्याचंच पीठ आहे, 50 ग्रॅम बेसनात 29 ग्रॅम कार्ब, भाकरीपेक्षा थोडेच कमी. फुटाण्याचं तेच. फल्लीदाणे मात्र मूठभर खाल्ले तरी 5 ग्रॅमच्या आसपास. तं स्वतःला कीटोवर, म्हणजे 50 ग्रॅमच्या आतल्या कडक लो-कार्बवर, समजणारे बरेच जण खरं पाहता रोज 90-100 ग्रॅमवर असतात, अन् त्यांनी चारपैकी चौथा रस्ता न विचारता आधीच धरलेला असते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन जेवणांचा प्लॅन करणाऱ्यांनी पण मोजून घ्या, दोनदा जेवणं वेगळं अन् लो-कार्ब वेगळं, दोन्ही जेवणांत दोन-दोन भाकरी असतील तं तुम्ही 140 च्या वर आहात.

पाय काऊन गळतात ते पण समजून घ्या. स्नायूंमध्ये ग्लायकोजन म्हणून साखरेचा साठा असते, मोठ्या माणसात साधारण 300 ते 500 ग्रॅम, लिव्हरमध्ये वेगळा 80-100 ग्रॅम. जड वजनाचे दोन-तीन रिप केले, म्हणजे दोन-तीनदा उचललं, तं शरीर क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे स्नायूतल्या झटपट ताकदीच्या छोट्या साठ्यावर, निभावून नेते, त्याला ग्लायकोजन फारसं लागत नाही. पण 10-12 रिपचा सेट 30-40 सेकंद चालते, तिथं ग्लायकोजनच जळते, चरबी तेवढ्या वेगानं ताकद देऊ शकत नाही, मंग तुम्ही कितीही फॅट-अ‍ॅडॅप्ट, म्हणजे चरबी जाळायला सरावलेले, झाले असा. लिव्हर प्रोटीनपासून थोडी साखर बनवत राहते म्हणून साठा शून्यावर जात नाही, पण कडक लो-कार्बवर तो पुरा भरत पण नाही.

कडक चालू ठेवायचं, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅमच्या आत

हे वाईट नाही, उगाच लोक घाबरवतात. 2012 साली इटलीतल्या जिम्नॅस्टवर 30 दिवसांचा अभ्यास झाला, त्यात कीटोवर चरबी कमी झाली अन् ताकद पडली नाही. पण 2018 मध्ये स्पेनमधल्या वजनं मारणाऱ्या पुरुषांवर आठ आठवड्यांचा झाला, त्यात कीटोवाल्यांची चरबी उतरली, मात्र स्नायू वाढले ते कार्ब खाणाऱ्यांचेच. तं ताकद टिकवायची अन् चरबी उतरवायची असेल, सेट पाच रिपच्या आतले अन् मधात तीन-चार मिनिटं आराम असेल, तं कडकच राहा, बदलायचं काही कारण नाही. अंग भरायचं असेल तं हा रस्ता हळू आहे.

कार्ब वाढवायच्या आधी मीठ तपासा. इन्सुलिन खाली असलं की किडनी मीठ बाहेर टाकते, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा 45 वर जाते अन् पत्र्याच्या शेडमधली व्यायामशाळा. चक्कर, पोटरीत गोळा, पंप न येणं (व्यायामात स्नायू फुगल्यासारखे न वाटणं), यातलं बरंचसं नुसत्या मीठ-पाण्यानं नाही तं मीठ टाकलेल्या ताकानं जाते. बीपी असेल तं मात्र विचारून. अन् प्रोटीन, वजनाच्या किलोमागं 1.6 ग्रॅम तरी. 70 किलोच्या माणसाला 112 ग्रॅम, ते दोन अंडी अन् वाटीभर वरणातून येत नाही भाऊ. सोयाबीन आपल्याच वावरात पिकते, त्याच्या वड्यांत 100 ग्रॅममागं 50 च्या वर प्रोटीन आहे, पण घरोघरी आवडीनं कोणी खात नाही. हे दोन्ही ठीक करूनही तिसरा सेट पडत असेल, तेव्हा कार्बकडे या.

व्यायामाच्या आधी थोडे

माझा कल इकडंच आहे. आठवड्यात तीन-चार दिवस व्यायाम, सेट 8-12 रिपचे, वजन उतरलेलं आहे अन् ते परत चढू द्यायचं नाही, अशा माणसाला हाच सगळ्यात कमी जोखमीचा. व्यायामाच्या तास-अर्धा तास आधी 25 ते 40 ग्रॅम, म्हणजे एक केळ, नाही तं एक भाकर दूध किंवा दह्यासोबत, भाकर असेल तं दीड-दोन तास आधी बरी कारण जड पडते. बाकी दिवसभर जेवण जसं आहे तसंच. स्नायू काम करून राहिला असते तेव्हा तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेते, अन् व्यायामानंतर पण बराच वेळ तो साखरेला मोकळा असते, म्हणून हेच 35 ग्रॅम रात्री टीव्हीसमोर खाणं अन् स्क्वॅटच्या आधी खाणं यात फरक पडते.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे घरात वेगळं काही करावं लागत नाही, भाकर सगळ्यांसाठी होतेच, तुम्ही तिचा टाइम बदलला. पावडरी, जेल काही लागत नाही. अडचण अशी की पहाटे पाचला उठून व्यायाम करणाऱ्याला त्या वेळी काही गिळल्या जात नाही. त्यानं आदल्या रात्रीच्या जेवणात एक भाकर घ्यावी, साठा रात्रभरात थोडा भरते, सकाळी काळा चहा पिऊन गेला तरी चालते.

आठवड्यातून एक दिवस भरपूर

कागदावर मस्त आहे. पाच-सहा दिवस कडक, एक दिवस 300-400 ग्रॅम कार्ब, साठा भरला, पुढचे दोन-तीन व्यायाम जोरात. स्पर्धेची तयारी करणारा, मोजून खाणारा माणूस असेल तं जमते पण. पण नियम असा आहे की त्या दिवशी कार्ब वाढवायचे तं तेल-तूप कमी करायचं, भात, रताळं, पोहे असं साधं. आपल्याकडं रविवार म्हणजे काय? सकाळी तर्रीपोहे, दुपारी सावजी रस्सा अन् त्याच्यावर तेलाचा बोटभर तवंग, संध्याकाळी कोणाकडं तरी रोडग्यांचा कार्यक्रम, गोळाभातावर वरून कच्चं तेल. त्यात कार्ब पण वाढले अन् फॅट पण, एका दिवसात आठवड्याची कमाई गेली. अन् सण? पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, मंग लग्नसराई, भरपूर खायचे दिवस तुम्ही ठरवायच्या आधीच कॅलेंडरनं ठरवून ठेवले आहेत. ज्याला एक पुरणपोळी खाऊन थांबता येत नाही त्यानं हा रस्ता घेऊच नये, अन् असे लोकच हा रस्ता सगळ्यात आवडीनं घेतात.

रोजच 100 ते 130 ग्रॅम

हे कीटो राहत नाही, पण 130 च्या आत असेल तं लो-कार्बच म्हणतात. दिवसाला दोन भाकरी, थोडं वरण, एखादं संत्रं. अंग भरायचं असेल, पोट्टे पोलीस भरतीची तयारी करून राहिले असतील, 1600 मीटर पळायचं अन् गोळाफेक पण, तं त्यांनी बाकीचे रस्ते सोडून सरळ इथं यावं, गरज पडली तं याच्याही वर जावं. बाया ज्यांची पाळी कडक डाएट अन् व्यायामानं मागंपुढं झाली किंवा थांबली, त्यांनी पण, आधी डॉक्टरला दाखवून. ज्याची शुगर जेवणानंतर अजून उड्या मारते त्याला हा रस्ता नाही, तो आधी व्यायामापुरत्या भाकरीनं पाहील.

वावरातल्या कामाचा हिशोब शहरातले लोक सांगत नाहीत. कडक कीटोवर दिवसभर डवरणी करून, नाही तं पाठीवर पंप घेऊन फवारणी करून, संध्याकाळी वजनं मारायला गेलं तं सेट पडणारच, त्यात लाजायचं काय. पेरणी ते फवारणी या महिन्यांत रोजचाच आकडा वाढवा, उन्हाळ्यात वावर मोकळं असते तेव्हा परत फक्त व्यायामापुरतं आणा. दुकानात गल्ल्यावर किंवा शाळेत खुर्चीवर बसणाऱ्याला हे लागू नाही. भंडारा-गोंदियाकडच्या भातवाल्यांनी भाकरीच्या जागी भात धरला तरी गणित तेच, फक्त ताटात अंदाजे न वाढता वाटीनं मोजा.

कोणताही बदल केला की तीन-चार आठवडे तरी द्या, अन् वहीत तिसऱ्या सेटचे रिप लिहा. पहिल्या आठवड्यात काट्यावर किलो-दीड किलो वाढेल, घाबरून परत भाकर सोडू नका, एक ग्रॅम ग्लायकोजनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठते, ती चरबी नाही. कमरेचा टेप मात्र महिन्यानं पाहा, तो वाढला तं कार्ब जास्त झाले. चार आठवड्यांत रिप पण वाढले नाहीत तं दोष कार्बचा नव्हता, झोप पाहा, प्रोटीन पाहा.

अन् रक्त तपासायला जाल तेव्हा लॅबवाल्याला सांगा की तुम्ही लो-कार्बवर आहात. ग्लुकोज पाजून करतात ती टेस्ट असेल तं आधीचे तीन दिवस रोज 150 ग्रॅम कार्ब तरी खाऊन जावं लागते, नाही तं अंगाला साखरेची सवयच सुटलेली असते अन् चांगल्या माणसाचा रिपोर्ट पण डायबेटीससारखा येऊ शकते. कोलेस्टेरॉल पण वर्षातून एकदा पाहाच, काही लोकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या जेवणावर बरंच चढते, अन् ते चढलं असेल तं तूप-खोबरं कमी करून एक भाकर परत घेणं हा साधा उपाय डॉक्टरसोबत बोलून करून पाहण्यासारखा आहे.