कॅल्प्रोटेक्टिन, लॅक्टोफेरिन की ऑकल्ट ब्लड? पैसे कोणत्या तपासणीवर घालावेत

महिना-दोन महिने जुलाब, पोटात कळा. मिरजेत डॉक्टर म्हणतात, "बहुतेक आयबीएस आहे, पण आतड्याला सूज नाही ना ते एकदा बघू." आयबीएस म्हणजे आतड्याला सूज नसताना होणारा जुलाब-कळांचा त्रास. सूज म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आजार. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं, महाग, शिवाय आदल्या दिवशी पोट साफ करायचा त्रास वेगळाच. म्हणून आधी शौचाची तपासणी.

सगळ्यात स्वस्त स्टूल रुटीन. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि तिला फाटा देऊ नये. पस सेल्स (पू-पेशी), अमिबा, जंत त्यातच दिसतात. मात्र पस सेल्स दिसले नाहीत म्हणजे सूज नाही, असं होत नाही.

खरी निवड पुढची. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथे गोळा होतात आणि प्रथिन शौचात उतरतं. एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत आकडा आला, तर मोठ्या माणसात सूज असण्याची शक्यता बरीच कमी. साधारण 250 च्या वर गेला तर कोलोनोस्कोपी टाळू नये. मधला पट्टा धूसर असतो, तेव्हा काही आठवड्यांनी परत तपासतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये आयबीएस आणि सुजेचे आजार वेगळे ओळखायला या चाचणीची शिफारस केली, पण कॅन्सरची शंका नसेल तरच.

लॅक्टोफेरिनही त्याच पेशींतून येतं आणि कामही जवळजवळ तेच करतं. दोघांत फार डावं-उजवं नाही. पण आपल्या भागात कॅल्प्रोटेक्टिन जास्त सहज मिळते, डॉक्टरांना तिचे आकडे सवयीचे असतात. त्यामुळे मी तिच्याच बाजूने. अंगावर पिणाऱ्या बाळात लॅक्टोफेरिनवर विसंबू नये, कारण ते आईच्या दुधातही असतं. कॅल्प्रोटेक्टिनही लहान मुलांत, विशेषतः चार वर्षांच्या आत, मुळातच जास्त येतं. तिथे मोठ्यांचे आकडे लावू नयेत.

ऑकल्ट ब्लड स्वस्त आहे म्हणून "तीच करू की" असं पुष्कळजण म्हणतात. तिचा प्रश्नच वेगळा: डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का? रक्त न जाताही सूज असू शकते आणि मूळव्याधीतही ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

आता पैसे वाया कुठे जातात ते. द्राक्षबागेत काम करून कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं, हे तासगाव-पलूसकडे नवं नाही. या गोळ्यांनी आतड्याला इजा होऊन कॅल्प्रोटेक्टिन वाढतं. अॅसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनीही वाढू शकतं. गोळ्या मनानेच बंद करू नका. नमुना द्यायच्या आधी किती दिवस थांबवता येतील ते डॉक्टरांना विचारा. नुकताच बाहेरचं खाऊन हगवण लागली असेल तर थोडं थांबा, संसर्गातही आकडा चढतो.

आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा आजार म्हणजे आतड्याचा क्षय. त्यातही आकडा वाढतो. क्षय की क्रोन्स, हे ना कॅल्प्रोटेक्टिन सांगत ना लॅक्टोफेरिन. तिथे कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासायलाच लागतो. आकडा बघून, क्रोन्स समजून कुणी थेट स्टिरॉइड सुरू करायला निघालं, तर क्षय तपासला का हे जरूर विचारा. क्षय असताना स्टिरॉइड पडलं तर तो बळावू शकतो.

शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंडुरोग, यातलं काही असेल तर या डबीच्या तपासणीत दिवस घालवू नका, पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

निदान झालेल्या रुग्णाला मात्र कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा पुन्हा कामाला येते, औषध लागू पडतंय का ते बघायला. तेव्हा दरवेळी एकच लॅब धरा. सांगलीत दिलेला नमुना कधी पुण्याला जातो, कधी मुंबईला, आणि किट बदललं की आकडेही बदलतात. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलं" किंवा "उतरलं" म्हणता येत नाही.