जामठ्याची दोन त्रिकुटं

सचिन-द्रविड-गांगुली की अश्विन-जडेजा-अक्षर? नागपुरात तर्री-पोह्यांवर हा वाद निघाला की पहिल्याच त्रिकुटाला मतं पडतात. पण निकाल जामठ्यापुरता, म्हणजे नागपूरच्या क्रिकेट मैदानापुरता लावायचा तर?

2008 मध्ये इथेच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते तिघं शेवटचे एकत्र कसोटी खेळले. सचिन 109, निरोपाच्या सामन्यात दादा (गांगुली) 85 आणि दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर शून्य. द्रविडचे दोन्ही डावांत मिळून 3. (भावना मोजायच्या नाहीत, बरं का!)

2023 ला पुन्हा ऑस्ट्रेलियाच. अश्विनचे आठ बळी, जडेजाचे सात आणि वर 70 धावा. अक्षरला बळी एकच, पण धावा 84. पाहुणे दुसऱ्या डावात 91 वर गारद, तिसऱ्याच दिवशी खेळ खल्लास. जामठ्यापुरतं माझं मत फिरकीवाल्यांना.