कॉमेंट, रजिस्टर आणि एक निबंध : आठ महिने वापरून

एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला मी बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर निबंध घेतला. मी पारोळ्याची, नोकरी सांभाळून शिकणारी, सर जळगावला. दर वेळी बस धरून जाणं जमेना. म्हणून सरांनी शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये कॉमेंट टाकायच्या आणि मी दुरुस्त्या करायच्या असं ठरलं. जुलैपासून हेच चालू आहे.

पहिला महिना वाया घालवला. कॉमेंट आली की शब्द बदल, बरोबरची खूण दाब, कॉमेंट गायब. एका रात्रीत चाळीस कॉमेंट उडवल्या. निबंध होता तिथेच, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं.

मग 'बहिणाबाई लिहितात' यापुढे सरांनी तीनच शब्द टाकले : 'त्या कुठे लिहायच्या?' मी 'म्हणतात' करून मोकळी होणार होते. सहज शोधून पाहिलं, तर 'लिहितात' अकरा ठिकाणी! असोद्याला १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई. घरात-शेतात हात चालू असताना तोंडून ओळी यायच्या, त्या मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने उतरवून घेतल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आणि मी त्यांना टेबल-खुर्चीवर बसवून ठेवलं होतं! अकरा शब्द बदलून भागणार नव्हतं. चार परिच्छेद काढले आणि ओवीची चाल, यमक, कामाचा ठेका इथून पुन्हा सुरुवात केली.

तेव्हापासून रजिस्टर ठेवलं. कॉमेंट जशीच्या तशी उतरवायची, खाली 'सरांना इथे काय खटकलं' ते आपल्या शब्दांत लिहायचं, मगच मोबाईल हातात घ्यायचा. वेळ दुप्पट लागतो, पण तीच चूक पुन्हा होत नाही. माझी बोली अहिराणी, म्हणून बहिणाबाईंचीही अहिराणीच, असं मी बेधडक ठोकून दिलं होतं. सरांनी तिथे 'लेवा गणबोली' एवढंच लिहिलं, म्हणजे जळगाव-यावल भागातल्या लेवा समाजाची बोली. शेजारच्या काकू यावलकडच्या. त्यांच्याकडून कविता मोठ्याने म्हणवून घेतल्या, तेव्हा कुठे फरक कानाला कळला. हे काम कॉमेंट करू शकत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. मोबाईलचा कीबोर्ड बोलीतला शब्द दिसला की परस्पर 'सुधारतो'. 'घरोट' म्हणजे जातं. त्याने 'घरटं' केलं. निबंधात एका पानावर घरट्यातून पीठ पडत होतं आणि ते तसंच सरांकडे गेलं. अवतरणं आता मी कॉम्प्युटरवरच टाईप करते.

ज्यांना ऱ्हस्व-दीर्घच तपासून हवंय, त्यांनी एवढा व्याप करू नये. आणि मार्गदर्शक प्रश्न विचारणारा नसेल, नुसतं 'छान' म्हणून अंगठे टाकणारा असेल, तर आठ महिने काय नि आठ दिवस काय.

एक कॉमेंट अजून उघडीच आहे : 'हे मत तुमचं की अत्र्यांच्या प्रस्तावनेचं?' रजिस्टरात तिच्याखाली अडीच पानं भरलीत आणि निबंध जमा करायला नऊ दिवस राहिलेत.