दोन टनी चेन कुप्पी आणि चाकांची गॅन्ट्री: नऊ महिन्यांनंतर

पूर्वी आमच्या दगडी मूर्तींच्या शेडमध्ये दगड हलवायचा म्हणजे पहारी, पाचरी, पाइपचे रूळ आणि सहा माणसं. एकदा मदतनिसाचं बोट रुळाखाली आलं. बोट वाचलं, पण त्याच आठवड्यात मी कुप्पी (हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) आणि ती टांगायला गॅन्ट्री (चाकांवरची लोखंडी चौकट) घेतली.

दोन टनी का? काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण 80 किलो भरतो. चार बाय दोन बाय दीड फुटांचा ठोकळा म्हणजे जवळपास एक टन. एक टनी कुप्पीवर तो रोज लटकवायची माझी तयारी नव्हती.

कुप्पीवर मी पूर्ण खूश आहे. हातसाखळी सोडली की दगड आहे तिथेच थांबतो. बैठकीवर टेकवताना सूतभरही खाली घेता येतो. वेळ लागतो, पण दगडकामात तो लागूच द्यावा. ग्राइंडरची भुकटी मात्र साखळीत बसते, म्हणून काम नसताना कुप्पी प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवतो. तेल फक्त भार उचलणाऱ्या साखळीला द्यायचं, ब्रेकच्या चकत्यांना लागू द्यायचं नाही.

खरी कसोटी दगडाला हुकात अडकवायचा पट्टा बांधण्यात आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्यामुळे मूर्तीची मान, मनगट, घोटा इथे पट्टा कधीच नको. तो बैठकीखालून किंवा धडाच्या भरीव भागाला घ्यावा. कडांवर जाड गोणपाट. दोन पट्टे असतील तर हुकापाशी त्यांच्यातला कोन 60 अंशांच्या आत ठेवतो. तो 120 अंशांपर्यंत उघडला तर एकेका पट्ट्यावर अख्ख्या मूर्तीएवढा ताण येतो. उचलण्याआधी हातोडीने हलकेच वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर असू शकते.

तिसऱ्या महिन्यात पॉलिश केलेली संगमरवरी मूर्ती पट्ट्यातून सरकली. दोनच इंच वर होती आणि खाली टायर होते, म्हणून मूर्तीच्या पायाच्या अंगठ्याच्या टवक्यावर निभावलं. तेव्हापासून गुळगुळीत दगडाला आडवा बांध घातल्याशिवाय उचलत नाही, आणि दोन इंचांवर थांबून सगळीकडून पाहतोच. आडवा दगड उभा करताना तर आणखी जपावं लागतं: भार कडेपलीकडे गेला की तो एकदम पलीकडे झेपावतो. मागून दुसरा पट्टा ताणून धरलेला हवाच.

गॅन्ट्रीबद्दल तक्रार आहे. चाकांचे ब्रेक पाच महिन्यांत सैल झाले. आता प्रत्येक चाकाला लाकडी पाचर लावतो. फरशी खडबडीत असेल तर लटकता दगड घेऊन ती ढकलूच नये. दुसरं, उंची. कुप्पीच्या दोन हुकांमध्येच दीडेक फूट जातो, शिवाय पट्ट्यांचा त्रिकोण. दहा फुटी गॅन्ट्रीत सहा फुटांची मूर्ती बैठकीवर चढवताना माझी दमछाक झाली. शेडचं छप्पर परवानगी देत असेल तर बारा फुटी घ्या.