कोहेसिओ: अख्ख्या युरोप खंडाचं नियोजन गावपातळीवर दाखवणारी साइट (५ पैकी ४ स्टार)

गेले दोनेक महिने रोज रात्री थोडा तरी वेळ मी कोहेसिओवर असतो, आणि मराठीत यावर कोणी काही लिहिलेलं मला दिसलं नाही म्हणून हा रिव्ह्यू. प्रादेशिक असमतोल, अनुशेष, मागास भाग असल्या विषयांत ज्यांना रस आहे त्यांनी तर ही साइट बघाच.

आधी काय आहे ते सांगतो. युरोपियन कमिशनची, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेची साइट आहे, मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे आणि लॉगिन वगैरे काही लागत नाही. युनियनच्या २७ देशांत प्रादेशिक विकास निधी, कोहेजन फंड (कोहेजन म्हणजे देशांमधली, प्रदेशांमधली दरी कमी करणं) आणि सामाजिक निधी यांच्या पैशातून झालेले किंवा चालू असलेले प्रकल्प एका नकाशावर टाकलेत, सुरुवातीलाच १५ लाखांच्या वर होते. देश निवडा, प्रदेश निवडा, विषय निवडा, मग यादी येते आणि एकेका प्रकल्पाचं पान उघडतं, त्यात काम काय, पैसे कोणाला मिळाले, एकूण खर्च किती, त्यात युनियनचा वाटा किती, सुरू कधी झालं आणि संपलं कधी. भाषा २४ आहेत, त्यात अर्थातच मराठी नाही, पण इंग्रजीत सगळं चालतं.

आता मला ती एवढी का आवडली ते. मी या विषयात कागदपत्रं वाचत वाचत आलो. १९९९ मध्ये पोट्सडॅमला तेव्हाच्या १५ देशांच्या मंत्र्यांनी खंडाच्या विकासाची एक लांब पल्ल्याची दिशा मान्य केली होती, त्यातलं एक चित्र माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय. लंडन, पॅरिस, मिलान, म्युनिक, हॅम्बुर्ग अशी पाच शहरं जोडून जो पंचकोन होतो त्यात १५ देशांची फक्त २० टक्के जमीन, पण ४० टक्के माणसं आणि जवळपास निम्मं उत्पन्न. म्हणून ठरलं की एकाच गाभ्यावर भार नको, खंडभर अनेक केंद्रं वाढू द्यायची, छोटी शहरं आणि आजूबाजूची खेडी यांना एकमेकांशी जोडायचं. वाचायला फार छान वाटतं, पण तो दस्तऐवज कोणावर बंधनकारक नव्हता आणि त्यात पैसाही नव्हता. पैसा आहे तो कोहेजन धोरणात, २०२१ ते २७ साठी साधारण ३९२ अब्ज युरो, आणि तो वाटायचा मुख्य नियम सोपा आहे, ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न युनियनच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली त्याला सगळ्यात जास्त. हे सगळं मला पाठ होतं, पण प्रत्यक्षात त्या पैशाचं जमिनीवर काय झालं हे कोहेसिओ उघडल्यावर पहिल्यांदा नजरेसमोर आलं. कुठे सांडपाण्याची लाइन, कुठे आयटीआयसारख्या शाळेची वर्कशॉप, कुठे जुन्या इमारतींचं इन्सुलेशन, आणि असं एका तालुक्याएवढ्या भागात शेकडो.

एक उदाहरण देतो. क्रोएशियाचा नकाशा बघितलात तर दक्षिणेचा डुब्रोवनिकचा भाग बाकी देशापासून तुटलेला दिसेल, कारण मध्ये बोस्नियाची नेउमची चिंचोळी पट्टी थेट समुद्रापर्यंत येते. म्हणजे आपल्याच देशात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रस्त्याने जायचं तर आधी सीमा ओलांडून परदेशात जा आणि मग परत सीमा ओलांडून स्वतःच्या देशात या. पेल्येशाट्स पूल झाला तेव्हा हे थांबलं, २.४ किलोमीटरचा पूल, जुलै २०२२ मध्ये खुला झाला, युनियनच्या निधीतून ३५ कोटी ७० लाख युरो. समतोल विकास हा शब्द मला यापेक्षा चांगला कोणी समजावून सांगितलेला नाही.

आता एक स्टार का कापला. साइटवर २०१४ च्या आधीचं काही नाही. लांब पल्ल्याच्या नियोजनाचा अभ्यास करणाऱ्याला हे खूप खटकतं, कारण प्रादेशिक निधी १९७५ चा आहे, १९८८ मध्ये या निधींचे नियम सुधारले त्यानंतर पैसा अनेक वर्षांच्या कार्यक्रमांत बांधला गेला, आधी ५ वर्षांचा, मग ६, मग ७, आणि आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल यांच्या विकासाची खरी गोष्ट त्याच काळातली. ती सगळी या नकाशावर नाहीच. बल्गेरियाच्या वायव्य भागात विदिन शहराजवळ डॅन्यूब नदीवर पूल झाला, तोही युनियनच्या पैशाच्या मदतीने, पण २०१३ मध्ये खुला झाला म्हणून इथे तो सापडणार नाही. आणि नेमका तोच जास्त शिकवणारा आहे, कारण पूल होऊन इतकी वर्षं झाली तरी तो प्रदेश अजून युनियनमधल्या सगळ्यात गरीब भागांत मोजला जातो आणि माणसं निघून जातायत. नुसता रस्ता आला की विकास येतो असं नसतं, कधीकधी त्याच रस्त्याने तरुण मुलं बाहेर जातात, आणि हे दाखवायला जुना आणि नवा काळ शेजारी शेजारी ठेवावा लागतो.

दुसरं म्हणजे खर्च दिसतो, परिणाम दिसत नाही. माहिती त्या त्या देशाच्या यंत्रणांकडून येते म्हणून वर्णन कुठे भरपूर तर कुठे एकाच ओळीचं. आणि प्रकल्प पूर्ण झाला म्हणजे काय झालं, नोकऱ्या टिकल्या का, शाळा चालू आहे का, ते दुसरीकडे शोधा. इथे एक नियमही लक्षात ठेवावा लागतो, ठरवून दिलेला निधी साधारण ३ वर्षांत खर्च झाला नाही तर तो परत जातो. बेशिस्त टाळायला हा नियम ठीक आहे, पण मला मनापासून वाटतं की त्याने लहान नगरपालिकांचं नुकसान होतं, त्यांच्याकडे इंजिनियर कमी, कागद करायला माणसं कमी, मग जे लवकर खर्च होईल तेच काम निवडलं जातं आणि २० वर्षांनी उपयोगी पडेल ते मागे राहतं.

म्हणून ही साइट एकटी वापरू नका. कमिशन दर ३ वर्षांनी कोहेजन रिपोर्ट काढतं, नववा मार्च २०२४ मध्ये आला, तो बाजूच्या टॅबमध्ये उघडा ठेवा. त्यात दिसतं की २००४ पासून युनियनमध्ये आलेल्या देशांचं दरडोई उत्पन्न युनियनच्या सरासरीच्या साधारण ५२ टक्क्यांवरून जवळपास ८० टक्क्यांवर गेलं, ही खूप मोठी गोष्ट आहे. पण त्याच देशांच्या आत राजधान्या पुढे पळाल्यात, बुखारेस्टचा भाग युनियनच्या सरासरीच्याही वर आणि रुमानियाचा ईशान्य भाग खूप मागे. मग कोहेसिओवर या दोन्ही भागांच्या याद्या काढा आणि शेजारी ठेवून बघा, माझी पूर्ण एक रात्र त्यात गेली. हे लॅपटॉपवरच करा, फोनच्या स्क्रीनवर दोन नकाशे शेजारी बसत नाहीत.