मेलमन ३ : पावसाच्या नोंदींचा मेल-गट ब्राउझरमधून चालवताना

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण वीज दोन दिवस नव्हती. लॅपटॉप पहिल्याच रात्री बंद पडला. आमच्या पाऊस मोजणाऱ्यांचा मेल-गट ज्या सर्व्हरवर चालायचा, त्यात शिरायची किल्ली त्याच लॅपटॉपात होती. गट म्हणजे सर्व्हरवरची एक साधी फाइल, ओळीला एक पत्ता. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, तर मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं आणि ती ओळ बदलायची. दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं आणि मीही कधी शिकवलं नव्हतं. त्या दोन दिवसांत अकरा जणांचे फोन आले, "ताई, आम्हालाबी नोंदी पाठवा की." चिखलीचे होते, शिरोळ तालुक्यातले होते. पाणी त्यांच्या दाराकडं सरकत होतं आणि मी एकेकाला गगनबावड्याचा आकडा तोंडी सांगत बसले होते. ते मला अजून लागून राहिलंय.

गटाबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, करवीर इथली चाळीसभर माणसं पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघतात आणि आकडा मेलनं पाठवतात. साडेआठच का, तर हवामान खात्याची पावसाची नोंद त्याच वेळेची असते. आमच्या आण्णांचा पर्जन्यमापक कळ्याजवळच्या रानात आहे. वर किती कोसळलं हे कळलं की खालच्या अंगाची माणसं आपापला अंदाज बांधतात: राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी टेकेल, ४३ च्या धोका पातळीकडं चाललंय का, गोठा आज मोकळा करायचा की उद्या. मेलच का, असं बरेच जण विचारतात. व्हॉट्सॲपवरही आकडे जातातच. पण तिथं ते शुभसकाळीच्या चित्रांखाली गाडले जातात आणि फोन बदलला की बऱ्याचदा जातातही. मेल तारखेसकट राहतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्या आठवड्यात वरच्या गावांत रोज किती पडत होतं, हे आज काढून बघता येतं ते मेलमुळंच.

तर मला असं काहीतरी हवं होतं की जे ब्राउझरमधून चालेल आणि टर्मिनल न बघितलेल्या माणसालाही हाताळता येईल. शोधाशोध करून मेलमन ३ वर आले. मेलमन म्हणजे मेल-गट चालवायचं सॉफ्टवेअर. जुनं आहे, मोफत आहे, पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेलं आहे. ३.० ही आवृत्ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली. काही होस्टिंगवर अजून जुनं २.१ दिसतं, ते नव्यानं बसवू नका. ते पायथन २ वर आहे आणि त्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. शिवाय २.१ मध्ये एका लिस्टच्या, म्हणजे मेल-गटाच्या, मालकांना मिळून एकच पासवर्ड असतो. ३ मध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र खातं असतं आणि मला नेमकं तेच पाहिजे होतं.

हे एकच सॉफ्टवेअर नाही, तीन आहेत. मेलमन कोअर खरं काम करतं: सभासद सांभाळतं, मेल वाटतं. पोस्टोरियस म्हणजे वेबवरचं नियंत्रण. हायपरकिटी जुने मेल जपून ठेवतं आणि दाखवतं. पोस्टफिक्स हा सर्व्हरवरचा मेल ने-आण करणारा प्रोग्राम आलेला मेल कोअरच्या हातात देतो, आणि पोस्टोरियस त्याच सर्व्हरवर ८००१ या पोर्टवरून, म्हणजे क्रमांकाच्या दारातून, कोअरशी बोलतं. डेबियन या लिनक्सवर सगळं मिळून एक पॅकेज आहे, मेलमन३-फुल. डेटाबेस विचारतं तेव्हा मी पोस्टग्रेस निवडला. एक जीबी मेमरीचा सर्व्हर घेतला होता, तो पुरला नाही. कोअर बरेच छोटे प्रोसेस एकदम चालवतं, त्यावर वेबचे दोन भाग आणि डेटाबेस. दोन जीबीवर गेल्यापासून तक्रार नाही.

बसवायला मला दोन शनिवार-रविवार लागले. त्यातला मोठा वेळ मेलमनचा नव्हता. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेतला तिनं बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडं मेल जायची वाट, बंद ठेवलं होतं. स्पॅम रोखायला बऱ्याच कंपन्या तसं करतात, ते समजू शकते. पण विक्रीच्या पानावर त्याचा एक शब्द नव्हता. चार दिवस मी पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम आउट' बघत माझीच चूक शोधत होते. शेवटी तिकीट टाकलं, तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: पोर्ट २५ उघडं मिळेल का, आणि आयपी पत्त्याला उलटं नाव (म्हणजे पत्त्यावरून सर्व्हरचं नाव शोधता येईल अशी नोंद) लावून मिळेल का. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ते उलटं नाव आणि एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) प्रत्येक पाठवणाऱ्याकडून मागतं. आमचे जवळजवळ सगळे सभासद जीमेलवर आहेत.

मग पहिलं खातं. शिरोळकडचे आमचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, त्यांना मी नियंत्रक करणार होते. त्यांनी पानावर नाव नोंदवलं, पुष्टीचा मेल गेला, आणि पुढं काहीच नाही. दोन दिवसांनी मी फोन केला. म्हणाले, "ताई, मेल आलता. पण त्यावर आपलं नावच नव्हतं. कुठल्या एक्झाम्पल डॉट कॉमकडनं आलता. फसवणूक असंल म्हणून मी पुसून टाकला." गुरुजींचं बरोबर होतं. पोस्टोरियस जँगो नावाच्या वेबसाइट बांधायच्या ज्या साच्यावर उभं आहे, त्यात साइटचं नाव आधीच एक्झाम्पल डॉट कॉम असं भरून येतं. ॲडमिनच्या पानावर 'साइट्स' मध्ये जाऊन ते बदलावं लागतं. काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण पहिल्या माणसाला बोलवायच्या आधी करा. अनोळखी मेल न उघडण्याची सवय गावोगावी मोठ्या कष्टानं लागलीय, ती आपल्या हातानं मोडायला नको.

दुसरी अडचण जास्त जिवाला लागली. चाचणी झाली, चाळीस जणांच्या नोंदी सुरू झाल्या, सगळ्यांना मेल पोचत होते. चौथ्या दिवशी हायपरकिटीचं पान उघडलं तर ते कोरं होतं. एकही मेल नाही. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप केला, तेच नाही. लॉग बघितला. कोअर प्रत्येक मेल हायपरकिटीला द्यायला जात होतं आणि हायपरकिटी ते दारातूनच परत पाठवत होतं. दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरलेली असते, अक्षरांची लांब ओळ, ती दोन वेगवेगळ्या फाइलींत जशीच्या तशी असावी लागते. पॅकेजबरोबर आलेली किल्ली मी बदलली होती आणि चिकटवताना एका फाइलीत शेवटचं अक्षर राहून गेलं होतं. ते दुरुस्त केलं, सगळं पुन्हा सुरू केलं आणि हात जोडून बसले. गेलेले तीन दिवस गेले असंच धरलं होतं. पुढचा मेल आला तो आण्णांचा, आणि त्याच्यामागून आधीचे सगळे एकेक करून पानावर दिसायला लागले. नाकारलेला प्रत्येक मेल कोअरनं एका फोल्डरमध्ये जपून ठेवला होता आणि दार उघडल्यावर पुन्हा नेऊन दिला. त्या क्षणी या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास बसला.

आता रोजच्या वापराचं. पोस्टोरियस दिसायला साधं आहे, नटवलेलं नाही, आणि फोनवर नीट बसतं. लिस्ट उघडली की वर सभासद, थांबलेले मेल, सभासदत्वाच्या विनंत्या आणि सेटिंग. मालक आणि नियंत्रक हे दोन हुद्दे वेगळे आहेत. नियंत्रकाला थांबलेले मेल आणि विनंत्या बघता येतात, सेटिंगला हात लावता येत नाही. गुरुजींना मी नियंत्रक केलं, राधानगरीच्या एका वहिनींना मालक. वहिनी दूध संकलनाचा हिशोब संगणकावर ठेवतात, त्यामुळं त्यांना सांगायला वेळ लागला नाही. नव्या सभासदाचा पहिला मेल थांबवून ठेवायचा, असं आम्ही ठरवलंय. तो वाचून स्वीकारायचा, परत करायचा की टाकून द्यायचा, हे गुरुजी फोनवर एका बोटानं करतात.

जुन्या फाइलीतले १६३ पत्ते एकदम भरायचं पान आहे. तिथं 'आधीच पुष्टी झालेली' अशी खूण करायची सोय असते. मी ती केली नाही. काही पत्ते आठ-दहा वर्षांपूर्वीचे होते, माणसं बदलली असतील. मग प्रत्येकाला पुष्टीचा मेल गेला. आण्णांनी विचारलं, "पोरी, ह्याला काय लिहू?" काहीच लिहायचं नाही, नुसतं उत्तर पाठवा, म्हटलं. रिकामं उत्तर पाठवलं तरी पुष्टी होते, दुवा दाबायची गरज नाही. वयस्कर माणसांसाठी ही फार मोलाची सोय आहे. स्वागताचा मजकूर 'टेम्प्लेट्स' मध्ये जाऊन मराठीत लिहिता येतो, तो वहिनींनी लिहिला. माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय.

एक सेटिंग मात्र पहिल्या दिवशीच बघा: डीमार्क. काही डोमेननी जगाला सांगून ठेवलेलं असतं की आमच्या नावानं दुसऱ्या सर्व्हरवरून मेल आला तर घेऊ नका. याहूनं २०१४ च्या एप्रिलमध्ये हे सुरू केलं तेव्हा जगभरातल्या लिस्ट अडखळल्या होत्या. लिस्ट मेलच्या विषयात आपलं नाव घालते, खाली तळटीप जोडते, त्यामुळं मूळची सही मोडते आणि घेणारा मेल परत पाठवतो. वाईट हे, की त्याची शिक्षा पाठवणाऱ्याला होत नाही, घेणाऱ्याला होते. मेल परत आला की मेलमन त्या सभासदाच्या नावावर गुण मांडतं, आणि मूळ सेटिंगप्रमाणं पाच झाले की त्याचे मेल बंद करतं. एका कारखान्याच्या पत्त्यावरून येणाऱ्या नोंदींमुळं आमचे काही सभासद असे विनाकारण बंद होणार होते. वेळेत लक्षात आलं. 'डीमार्क मिटिगेशन' मध्ये पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा पर्याय निवडला. आता नावापुढं 'व्हाया नोंदी' असं दिसतं.

आता खरी उणीव. हायपरकिटीमध्ये शोधायची सोय आहे, पण तिच्यासोबत येणारं शोधाचं इंजिन देवनागरीसाठी बनलेलं नाही. मी 'पाऊस' शोधलं आणि समोर उसाचे मेल आले, तोडणीचे, लावणीचे, वाहतुकीचे. हे इंजिन काना-मात्रांना अक्षर मानत नाही, तिथं शब्द तोडतं. 'पाऊस' मधला 'प' एकटा पडला म्हणून टाकून दिला, उरलं 'ऊस'. आपल्या जिल्ह्यात ऊस नाही असा मेल किती मिळणार? मला याचं वाईट वाटलं. इतकं विचारपूर्वक बनवलेलं साधन, आणि मराठी शब्द त्यात अखंड राहू नये. दुसरं इंजिन जोडता येतं, ते मी अजून केलेलं नाही. तोवर आम्ही प्रत्येक नोंदीच्या विषयात तारीख आकड्यात आणि गावाचं नाव रोमन लिपीत लिहितो. महिन्यावार यादी डाव्या बाजूला असतेच, तिच्यावर बरंचसं भागतं.

ज्याला नुसतं एकतर्फी बातमीपत्र पाठवायचंय त्यानं याच्या वाटेला जाऊ नये, एवढ्या यंत्रणेची गरज नाही. दहा-वीस जणांच्या गटाला गूगल ग्रुप्स पुरतं. आम्हाला नोंदी आपल्या ताब्यात हव्या होत्या, डेटाबेसची प्रत दर रविवारी घरच्या डिस्कवर उतरवता यायला हवी होती, म्हणून हे केलं. बसवायला लिनक्स जाणणारं एक माणूस लागतंच. पण ते बसवण्यापुरतंच.

या जुलैत आमच्या घरी लग्न होतं. चार दिवस मी सर्व्हरकडं बघितलंही नाही. मांडवातून परत आल्यावर पोस्टोरियस उघडलं तर सात नवे सभासद झालेले होते, थांबलेल्या मेलचं पान रिकामं होतं, आणि एका विनंतीला गुरुजींनी नकार देऊन कारण लिहिलं होतं: "गावाचं नाव कळवावं, मग घेऊ." त्या माणसानं दुसऱ्या दिवशी गाव कळवलं. कुरुंदवाडचे आहेत. त्यांचं नाव वहिनींनी घातलं.