मार्केट यार्डातला हापूसचा गाळा, 4 स्टार (आणि तिथे काय विचारायचं ते)

आधी मागच्या वर्षीचं सांगते. सोसायटीच्या गेटवर टेम्पो आला होता, वर मोठ्ठा 'देवगड हापूस' बोर्ड. मी विचारलं, दादा देवगडचाच ना? शंभर टक्के ताई, घरच्या बागेतला! घेतली पेटी. कापला तर साल जाड, आत पिवळाधमक आणि वास म्हणाल तर नाकाला लावला तरी येईना, सरळ कर्नाटकचा माल. बरं चूक माझीच म्हणा, 'हो' म्हण असं सांगितल्यासारखाच प्रश्न विचारला मी, तो कशाला नाही म्हणतोय. 2018 ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड ठाणे पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा हापूस तो हापूस, पण टेम्पोवरचे बोर्ड कोण तपासत बसतंय.

म्हणून यंदा पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेले, मैत्रिणीने हा गाळा सांगितला होता. काका साठीचे असतील, बोलणं कमी. ह्यावेळी मी देवगडचा द पण काढला नाही, नुसतं विचारलं काका आज कुठकुठला माल आलाय? तर बसल्या जागेवरून हात करून, ह्या देवगड, त्या रत्नागिरी, मागची थप्पी कर्नाटक, रसाला न्यायचा असेल तर ती न्या स्वस्त पडेल. झालं! लपवायचं काही कारणच नव्हतं त्यांना, मी कुठे संशय घेतला होता.

मग साका, म्हणजे बाहेरून फळ चांगलं आणि आत गर पांढरट, स्पंजासारखा निघतो तो. इथे सगळे 'साका नाही ना निघणार?' विचारतात आणि उत्तर ठरलेलं, नाय ओ. मी म्हटलं डझनात साधारण किती फळं साक्याची धरायची? आणि गप्प बसले. (हे गप्प बसणं फार अवघड जातं मला, घरी कुणालाही विचारा.) काकांनी जरा डोकं खाजवलं, म्हणाले एखाददुसरं धराच, ऊन कडक आहे, आणि मोठं फळ असलं की जास्त, तुम्ही ही मोठ्या फळाची पेटी ठेवा आणि ती लहान फळाची घ्या. म्हणजे हातातली 4 डझनाची महाग पेटी स्वतःच खाली ठेवायला लावली मला! 6 डझनाची घेतली, पेंढा बाजूला करून वरच्या थरातली नाही, खालच्या थरातली दोन फळं काढून दाखवली, ती पण न मागता.

पिकवण्याचं पण तसंच, 'कार्बाइडचा नाही ना?' विचारूच नका, कार्बाइडला बंदी आहे हे त्यांनाही माहितीय, हो कोण म्हणेल. कशात पिकवलाय विचारलं तर म्हणाले हा चेंबरमधला, इथिलीन गॅस दिलेला, चालतो तो कायद्याने, आणि हा कच्चा, घरी आढी लावा (पेंढ्यात रचून ठेवा), 8-10 दिवस लागतील. मी कच्चा आणला. आत्तापर्यंत साक्याचे 5 निघाले 6 डझनात, काका बोलले त्याच्या आतच.

एवढं सगळं होऊन पैसे देताना आमच्या नवऱ्याने विचारलंच, ओरिजिनल आहे ना? काका लगेच, शंभर टक्के साहेब!! मला हसू आवरेना.

एक स्टार का कापला तर फळ खराब निघालं तर बदलून देणार का ह्यावर काका ऐकू न आल्यासारखं करतात, दोनदा विचारून बघितलं, दोन्ही वेळा मोबाईल बघायला लागले. तेही उत्तरच झालं म्हणा. पार्किंगची बोंब आहे, दुचाकीवर जा, पिशवी नको दोरी घेऊन जा पेटी बांधायला, आणि रविवारी तर अजिबात नको.